शोधशब्दांची विद्या : बेंगळुरूच्या शिवाजीनगरचा प्लेग डेटाबेसमध्ये कसा शोधावा

बेंगळुरूचे शिवाजीनगर म्हणजे रसेल मार्केट, सेंट मेरीज बॅसिलिका, बौरिंग हॉस्पिटल आणि बसस्थानकाभोवतीची दिवसभराची वर्दळ. जुन्या लष्करी छावणीच्या कडेने वाढलेली ही दाट वस्ती. ऑगस्ट १८९८ मध्ये मुंबई-पुण्याकडचा प्लेग बेंगळुरूत पोचला. त्या साथीबद्दल त्या काळात पुष्कळ लिहिले गेले. वैद्यकीय मासिकांत लेख आले, सरकारी अहवाल निघाले, खात्याखात्यांत पत्रव्यवहार झाला. त्यातला बराच मजकूर आता स्कॅन झाला आहे आणि घरबसल्या वाचता येतो. पण एखाद्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये ‘शिवाजीनगर, बेंगळुरू, लॉकडाऊन, लसीकरण’ असे शब्द टाकले, तर त्यातले फारसे काही त्याच्या हाती लागणार नाही. कागद जागच्या जागी आहेत, पण १८९८ साली या साथीबद्दल लिहिणाऱ्यांच्या लेखणीत हे शब्द सहसा येत नसत.

ग्रंथालयशास्त्राचा एक मोठा धडा यात आहे. शोधशब्द, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘कीवर्ड’, आपल्या मनातल्या प्रश्नातून उचलायचा नसतो. ज्याने उत्तर लिहून ठेवले त्याच्या लेखणीतून कोणता शब्द उतरला असेल, याचा तो अंदाज असतो. हा अंदाज बांधण्याची एक रीतसर विद्या आहे, आणि तिच्या जडणघडणीत बेंगळुरूचा वाटा मोठा आहे.

(या लेखात इंग्रजी शोधशब्द देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष शोधताना ते रोमन लिपीत टाईप करायचे.)

यंत्र शब्द जुळवते

डेटाबेसमध्ये लाखो लेखांच्या नोंदी असतात आणि उत्तर मात्र क्षणात येते. याचे रहस्य ‘उलट्या सूची’त आहे. नोंद दाखल होतानाच संगणक तिच्यातले शब्द सुटे करतो आणि प्रत्येक शब्दापुढे, तो ज्या ज्या नोंदींत आला त्यांचे क्रमांक लिहून ठेवतो. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशीच ही सूची, फक्त लाखो लेखांची मिळून एकच. ‘प्लेग’ आणि ‘बेंगलोर’ असे दोन शब्द दिले की यंत्र दोन याद्या काढते आणि दोन्हींत असलेले क्रमांक पुढे ठेवते. लेख उघडून त्याचा अर्थ लावण्याची पाळीच येत नाही.

म्हणून पूर्ण वाक्यात प्रश्न विचारला तर अशा डेटाबेसची पंचाईत होते. ‘प्लेगचा शिवाजीनगरवर काय परिणाम झाला’ यातला ‘काय’ आणि ‘झाला’ निरुपयोगी, आणि ‘परिणाम’ तर हजारो लेखांत असतो. १९७२ साली करेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने एक साधे पण दूरगामी तत्त्व मांडले. शब्द जितक्या कमी नोंदींत येतो तितके त्याचे वजन जास्त धरावे. निकाल क्रमवार लावणारी अनेक शोधयंत्रे या तत्त्वाचा आजही उपयोग करतात. ‘इतिहास’, ‘अभ्यास’, ‘समस्या’ हे शब्द हलके. ‘ब्लॅकपल्ली’ हा, म्हणजे शिवाजीनगरच्या जुन्या नावाचा, शब्द जड. एक जड शब्द सापडला की दहा हलके शब्द गाळता येतात.

पण तो जड शब्द आपल्याला सुचेलच असे नाही. १९८७ साली जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. एकाच वस्तूला दोन माणसे आपापल्या मनाने नाव देतात तेव्हा दोघांचा शब्द एकच निघण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते, असे त्यांत दिसून आले. ही एकाच काळातल्या, एकच भाषा बोलणाऱ्या माणसांची गोष्ट. शोधणारा आणि लिहिणारा यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर असेल तर पहिल्याच शब्दाला यश येणे हा योगायोगच म्हणायचा.

एका वस्तीची अनेक नावे

शिवाजीनगर हे नाव नंतरचे. १८९८ च्या कागदपत्रांत या भागाला ब्लॅकपल्ली म्हणत. रोमन लिपीत त्या नावाचा शेवट कोणी ‘वाय’ने करतो, कोणी ‘आय’ने. ही वस्ती ज्या छावणीचा भाग होती ती इंग्रजांनी १८०९ साली वसवली. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वाडियार घराण्याला परत मिळाले, पण छावणीचा भाग इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवला. हा भाग ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’. तो ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीत होता आणि १९४७ मध्ये म्हैसूरकडे आला. १९४९ साली शहर आणि छावणी मिळून एक महानगरपालिका झाली. पुढे १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेंगलोर’चे अधिकृत नाव ‘बेंगळुरू’ झाले.

या इतिहासातली प्रत्येक पायरी शोधणाऱ्याला एकेक शब्द देते. वस्तीसाठी ब्लॅकपल्ली, लष्करी कागदांसाठी बेंगलोर कँटोन्मेंट, प्रशासकीय कागदांसाठी सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन. कारभार रेसिडेंटकडे असल्याने पत्रव्यवहार ‘मायसोर रेसिडेन्सी’ या शीर्षकाखाली असण्याचा संभव मोठा. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधताना हा शब्द हाताशी हवाच. एखादी जागा कोणाच्या ताब्यात होती हे कळले की तिचे कागद कोणत्या नावाखाली गेले असतील हेही कळते.

उलटा घोटाळाही होतो. जागा दोन आणि नाव एकच. ‘शिवाजीनगर’ एवढाच शब्द दिला तर बेंगळुरूच्या आधी पुण्याचे शिवाजीनगर पुढे येऊन उभे राहते. भारतीय हवामान खात्याचे पुण्यातले कार्यालय तिथे आहे, आता विद्यापीठ झालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही तिथेच. त्यामुळे मोसमी पावसावरच्या किंवा पोलादाच्या ताकदीवरच्या शोधनिबंधांत लेखकाच्या पत्त्यात ‘शिवाजीनगर, पुणे ४११००५’ असते आणि यंत्र तो पत्ताही शब्द म्हणून मोजते. यावर उपाय असा की शोध ठरावीक रकान्यापुरता ठेवायचा. बहुतेक डेटाबेसमध्ये शीर्षक, सारांश, लेखक, संस्थेचा पत्ता असे वेगळे रकाने असतात. शब्द फक्त शीर्षकात आणि सारांशात शोधायला सांगितले की पत्त्यांचा लोंढा थांबतो.

पुण्याच्या शिवाजीनगरलाही जुने नाव आहे, भांबुर्डे. तिथल्या पाताळेश्वर लेण्यावर जुने गॅझेटियर धुंडाळणाऱ्याने ‘भांबुर्डा’ हा शब्द वापरला नाही तर त्याचीही बेंगळुरूच्या विद्यार्थ्यासारखीच गत होते.

प्रश्नाचे सांधे

शब्दांच्या मागे लागण्याआधी प्रश्न सुटा करावा लागतो. ही कला शास्त्राच्या पातळीवर नेली ती शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि अभ्यासासाठी लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. मोजक्याच पट्ट्या, चाके आणि खिळे, पण जोडणी बदलली की नवे खेळणे तयार. ज्ञानाचे विषयही असेच सुट्या भागांतून जुळवता येतील, हा विचार त्यांच्या मनात रुजला आणि १९३३ साली त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

या पद्धतीत कोणत्याही विषयाच्या पाच बाजू धरल्या जातात : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. ‘१९५० मध्ये भारतात क्ष-किरणांनी फुफ्फुसाच्या क्षयरोगावर केलेल्या उपचारांचे संशोधन’ हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. लांबलचक वाक्यातून फुफ्फुस, क्षयरोग, उपचार, क्ष-किरण, संशोधन, भारत आणि १९५० असे भाग वेगळे होतात आणि प्रत्येकाला ठरलेली जागा मिळते.

रंगनाथन १९५७ साली बेंगळुरूला स्थायिक झाले. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत १९६२ मध्ये त्यांनी तिथे ‘डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर’ सुरू केले. विषयांचे शब्द कसे निवडावेत आणि कोणत्या क्रमाने लावावेत, यावर या केंद्रात मूलभूत काम झाले. जी. भट्टाचार्य यांची ‘पॉप्सी’ ही विषयसूचीची पद्धत इथलीच. रंगनाथन १९७२ मध्ये बेंगळुरूतच वारले.

त्यांची रीत आपल्या प्रश्नाला लावून पाहू. ‘शिवाजीनगरच्या प्लेगमध्ये सरकारने काय केले?’ यात तीन गोष्टी नक्की हव्यात. एक जागा, एक रोग आणि एक उपाययोजना. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखायचे आणि एकेका रकान्यात सुचतील तेवढे पर्याय लिहायचे. काळ हा चौथा रकाना, पण तो जपून वापरावा. डेटाबेसमधली वर्षाची चाळणी बहुधा लेख कधी प्रसिद्ध झाला ते पाहते. १८९८ ते १९१० एवढीच मर्यादा घातली तर त्या साथीवर नंतर कधीही लिहिलेला प्रबंध गळून पडतो.

त्या काळाचा शब्द

तिसरा रकाना भरताना खरी परीक्षा होते. आज आपण लसीकरण म्हणतो. वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली, पण त्या वेळच्या इंग्रजी लेखांत ती ‘प्रोफिलॅक्टिक’ म्हणून येते आणि टोचण्याच्या क्रियेला ‘इनॉक्युलेशन’ म्हटलेले असते. रुग्णांना वेगळे ठेवणे म्हणजे ‘सेग्रिगेशन’, वस्ती रिकामी करणे म्हणजे ‘इव्हॅक्युएशन’. सार्वजनिक आरोग्याऐवजी ‘सॅनिटेशन’. संस्थांची नावेही बदललेली असतात. परळची हाफकिन संस्था १९२५ पूर्वीच्या कागदांत त्या नावाने सापडायची नाही. प्लेगच्या जंतूचे आजचे शास्त्रीय नाव ‘येर्सिनिया पेस्टिस’, पण त्याआधी तो बरीच वर्षे ‘पाश्चरेला पेस्टिस’ म्हणून ओळखला जाई आणि त्याहीपूर्वी ‘बॅसिलस पेस्टिस’.

याचा पुरावा म्हणून एकच पुस्तक पुरे. प्लेगनंतर ब्लॅकपल्लीतली गर्दी कमी करण्यासाठी छावणीच्या उत्तरेला फ्रेझर टाऊन ही नवी वसाहत आखली गेली. उंदरांना शिरकाव मिळू नये अशी घरे बांधणे हा तिचा एक हेतू. नगरपालिकेचे अभियंता जे. एच. स्टीफन्स यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिले आणि ते १९१४ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘प्लेग-प्रूफ टाऊन प्लॅनिंग इन बेंगलोर, साऊथ इंडिया’. शिवाजीनगरच्या प्लेगच्या अभ्यासकाला यापेक्षा जवळचा ग्रंथ क्वचितच मिळेल. पण त्याच्या शीर्षकात शिवाजीनगर नाही, ब्लॅकपल्लीही नाही. साथ, आरोग्य, लस यांतले काहीच नाही. ‘टाऊन प्लॅनिंग’ हा शब्द उपाययोजनेच्या रकान्यात लिहायला सुचले तरच हे पुस्तक सापडते. आणि तो सुचण्यासाठी प्लेगनंतर बेंगळुरूत मल्लेश्वरम, बसवनगुडी, फ्रेझर टाऊन अशा वसाहती झाल्या, ही जुजबी माहिती आधी लागते. म्हणून अनुभवी ग्रंथपाल विद्यार्थ्याला डेटाबेस उघडण्यापूर्वी विश्वकोशातली नोंद वाचायला सांगतात. मराठी विश्वकोशातला एखादा लेख अर्ध्या तासात जेवढे शब्द पदरात टाकतो तेवढे अंधारात चाचपडून दिवसभरात मिळत नाहीत.

अँड, ऑर, नॉट आणि तारा

रकाने भरले की त्यांची जोडणी. १८५४ साली इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी तर्काचे बीजगणित मांडले. ग्रंथालयाचे जवळपास सगळे डेटाबेस आजही त्याच्या तीन क्रियांवर चालतात. एका रकान्यातले पर्याय ‘ऑर’ने जोडायचे आणि रकाने एकमेकांना ‘अँड’ने. प्रत्येक रकान्याला कंस घालायचा :

(ब्लॅकपल्ली ऑर “बेंगलोर कँटोन्मेंट” ऑर “सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन” ऑर बेंगलोर) अँड (प्लेग ऑर ब्युबॉनिक) अँड (सेग्रिगेशन ऑर इनॉक्युलेशन ऑर सॅनिटेशन ऑर “टाऊन प्लॅनिंग”)

‘ऑर’ जाळे रुंदावते, ‘अँड’ ते आवळते. अवतरणचिन्हांमुळे शब्द त्याच क्रमाने लागून आलेले असावे लागतात. ती नसतील तर ‘टाऊन’ एका परिच्छेदात आणि ‘प्लॅनिंग’ दुसऱ्यात असलेला भलताच लेखही येतो. ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ या नावात तर ‘अँड’ आहेच. अवतरणचिन्हे विसरली की यंत्र तो आपल्यासाठीचा हुकूम समजते.

‘नॉट’ मात्र दुधारी. पुण्याचे लेख नकोत म्हणून ‘नॉट पूना’ लिहिले तर पुणे आणि बेंगळुरू यांच्या साथींची तुलना करणारा लेखही जातो, आणि बहुधा तोच सर्वांत कामाचा असतो.

शब्दाच्या शेवटी तारा, म्हणजे फुलीसारखे चिन्ह, लावला की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द धरले जातात. ‘एपिडेमिक’ची रोमनमधली पहिली सहा अक्षरे ठेवून तारा लावला की एपिडेमिक, एपिडेमिक्स, एपिडेमिऑलॉजी सगळे येतात. पण कापायचे कुठे हे पाहून. ‘प्लेग’ची रोमनमधली पहिली चारच अक्षरे ठेवून तारा लावला तर त्याच अक्षरांनी सुरू होणारे ‘प्लेजिअरिझम’ही येते आणि प्लेगच्या अभ्यासकापुढे वाङ्मयचौर्यावरच्या लेखांची रास पडते.

ठरवून दिलेले शब्द

लेखकांच्या शब्दांची ही बजबजपुरी आवरण्यासाठी ग्रंथालयांनी आणखी एक युक्ती काढली. लेखक काहीही म्हणो, सूचीकार प्रत्येक लेखाला ठरलेल्या कोशातले विषयशीर्षक देतो. वैद्यकात यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा ‘मेश’ हा कोश आहे. तो १९६० साली सुरू झाला आणि आज त्यात तीस हजारांवर शीर्षके आहेत. त्यात ‘प्लेग’ हा रोग आणि ‘येर्सिनिया पेस्टिस’ हा जंतू ही दोन वेगळी शीर्षके आहेत. ‘हार्ट अटॅक’ लिहिले तरी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’कडे वाट काढून देण्याची सोय पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमध्ये याच कोशामुळे होते. इंग्रजीत ‘प्लेग’ हा शब्द ‘छळणे’ या अर्थीही सर्रास वापरतात. विषयशीर्षकातून शोधले की असे लेख आपोआप बाजूला पडतात.

पण या युक्तीलाही मर्यादा आहे. ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ या १८६६ पासूनच्या मासिकाचे जुने अंक ‘पबमेड सेंट्रल’वर स्कॅन करून ठेवले आहेत. अशा जुन्या मजकुरावर आजच्या शीर्षकांचे छत्र असेलच असे नाही. तिथे पुन्हा त्या काळाच्या शब्दांनीच खोदावे लागते. नव्या लेखांसाठी विषयशीर्षक, जुन्यांसाठी त्यांचा स्वतःचा शब्द, आणि दोन्ही ‘ऑर’ने जोडलेले, हा निर्धोक मार्ग.

मराठीतून शोधताना

मराठीतून शोध घेणाऱ्यापुढे आणखी वेगळे पेच येतात. पहिला विभक्तीचा. ‘बंगळूर’ला प्रत्यय लागला की ‘बंगळुरात’, ‘बंगळुरास’ होते आणि दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून तारा ‘बंगळ’ एवढ्यावरच लावावा. दुसरा पेच लेखनाचा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे असते. ‘गाव’ हा शोध ‘गांव’पर्यंत पोचेलच असे नाही. दोन्ही रूपे द्यावीत. तिसरा पेच नावांच्या वेगवेगळ्या लेखनाचा. बंगळूर, बंगळुरू, बेंगळुरू, बंगलोर, बेंगलोर ही सगळी एकाच शहराची रूपे, आणि ‘शिवाजीनगर’ कुठे जोडून तर कुठे ‘शिवाजी नगर’ असे तोडून. रोगाच्या बाबतीत ‘प्लेग’बरोबर ‘गाठीचा ताप’ आणि ‘ग्रंथिक सन्निपात’ही लिहावेत.

बेंगळुरूच्या मराठी इतिहासाचा शोध घेणाऱ्याला तर शहराचे नावही बाजूला ठेवावे लागते. शहाजीराजांना १६३८ नंतर बेंगळुरूची जहागीर मिळाली. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली संपादून प्रसिद्ध केला. इथे चालणारे शब्द शहाजी, जयराम पिंड्ये आणि चंपू. ‘शिवाजीनगर’ हे नाव शिवाजी महाराजांचे असले तरी या शोधात त्याचा काडीचा उपयोग नाही.

छापील सूचींचाही विसर पडू नये. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची विषयवार नोंद करून ठेवली आहे. तिची पाने चाळली की त्या काळात कोणत्या विषयाला कोणता शब्द रूढ होता ते समजते. तोच शब्द मग डेटाबेसमध्ये टाकता येतो.

सापडलेल्यातून पुढे

पहिला शोध पुरा पडत नाही, आणि तो तसा पडावा अशी अपेक्षाही नसते. एक चांगला लेख मिळाला की त्याचा सारांश, त्याखालचे बीजशब्द, त्याला दिलेली विषयशीर्षके आणि शेवटची संदर्भसूची वाचायची आणि नवे शब्द आपल्या रकान्यांत भरायचे. तो लेख पुढे कोणी कोणी उद्धृत केला हेही पाहायचे. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केल्यापासून ही सोय झाली आहे. कोणत्या डेटाबेसमध्ये कोणती जोडणी वापरली आणि काय मिळाले, याची वही ठेवली तर तेच ते उत्खनन पुन्हा करावे लागत नाही. निकाल हजारोंनी आले तर आणखी एक रकाना ‘अँड’ने जोडावा. दोन-चारच आले तर एक रकाना काढावा किंवा ‘ऑर’चे पर्याय वाढवावेत.

साधनांची टंचाई आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार सर्वांना खुले आहे. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून सहा हजारांवर सरकारी शिक्षणसंस्थांना आणि संशोधनसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके मिळू लागली आहेत. तालुक्याच्या गावच्या सरकारी महाविद्यालयातला विद्यार्थीही आता त्यांच्यापर्यंत पोचू शकतो. भांडार जितके मोठे तितका चुकीच्या शब्दाचा दंड मोठा, हे मात्र त्याने ध्यानात ठेवावे.

आणि आज शोधणारा उद्या लिहिणार असतो. शोधनिबंधाच्या सारांशाखाली चार-पाच बीजशब्द द्यायची जागा असते आणि पुष्कळ लेखक ती शीर्षकातलेच शब्द पुन्हा लिहून वाया घालवतात. बेंगळुरूच्या शिवाजीनगरवर लिहिणाऱ्याने तिथे ब्लॅकपल्ली, सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन आणि शहराची जुनी-नवी दोन्ही नावे द्यावीत. पुण्याच्या शिवाजीनगरवर लिहिणाऱ्याने भांबुर्डे द्यावे. वस्तीचे नाव पुन्हा बदलले तरी पुढच्या अभ्यासकाला निदान त्याच्या लेखापर्यंत पोचायची वाट राहील.